बाहेरची मदत

कोल्हापुरात माणसाला एकट्याने काही करायची मुभा नाही. घर बांधायला काढलं तर पाया किती खोल घ्यायचा ते गल्ली ठरवते. म्हैस घेतली तर तिची कास बघायला चार माणसं न बोलावता येतात आणि चहा घेऊनच जातात. त्यामुळे पंचेचाळिशी उलटल्यावर ट्रायथलॉन करायचं मनात आलं, तेव्हा ते मी फक्त बायकोला सांगितलं, तेही रात्री दिवा मालवल्यावर. सकाळी दूध घालायला आलेल्या गवळ्याने विचारलं, “आधी पवायचं का आधी सायकल वो?”

आधी पोहायचं. पाण्यातून निघालं की ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टेकवली की पळत सुटायचं, आणि या सगळ्यात घड्याळ कुठेही थांबत नाही. मी डोळा ठेवला होता तो गोव्याच्या स्पर्धेवर. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, मग 90 किलोमीटर सायकल, शेवटी 21.1 किलोमीटर पळणं. एकूण 113 किलोमीटर आणि मुदत साडेआठ तास. मैलांत ही बेरीज 70.3 होते, म्हणून तिचं नावही तेच. 2019 साली ती गोव्यात पहिल्यांदा झाली. ही अर्धी आयर्नमॅन, पुरी याच्या दुप्पट. पन्नाशीला टेकलेल्या मिलिंद सोमणने 2015 साली झुरिचला पुरी केली होती, हे मी घरात मुद्दाम सांगितलं. आई म्हणाली, “त्याची आई साडी नेसून पळते. तू आधी माझ्याबरोबर अंबाबाईपर्यंत चालून दाखव.”

गोव्याची स्पर्धा पावसाळा सरल्यावर. पण आमच्याकडे जूनमध्ये एकदा पाऊस लागला की पन्हाळ्याचा रस्ता ढगात जातो आणि तळ्याचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. म्हणून पाया घालायचा तो फाल्गुन-चैत्रातच. आणि पाया म्हटलं की गल्ली आलीच.

पोहायला मी शिकलो ते आजोळच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. या पद्धतीत मास्तर म्हणजे मामा, आणि अभ्यासक्रम म्हणजे त्याने काठावरून दिलेला धक्का. मान पाण्याबाहेर कशी ठेवायची हे त्यात वेगळं शिकवावं लागत नाही. ट्रायथलॉनचं पोहणं नेमकं उलटं. तोंड पाण्यात, श्वास पाण्यातच सोडायचा, आणि हात पुढे जाताना मान जरा कलती करून तोंडाच्या कोपऱ्यातून हवा ओढायची. हे शिकवायला आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद स्वतःहून आले. वस्तादांनी उभ्या आयुष्यात क्रॉलचा एक हात मारलेला नाही. पण एका नातवाच्या मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ बघितले होते, आणि काठावरून ओरडण्याचा त्यांचा अनुभव मोठा आहे. “कोपर वर घे! कोपर!” हे ते शिट्टी फुंकून सांगत. वाईट याचं वाटतं की त्यांचं बरोबर होतं. पाणी मागे लोटताना कोपर खाली पडलं की हात नुसता पाणी कापत जातो, ढकलत नाही.

राजाराम तलावात तळाला काळी रेघ नसते. खुल्या पाण्यात दर सहा-आठ हातांनी डोळे जरा वर काढून समोरची खूण धरावी लागते, नाही तर माणूस आपण सरळ चाललोय अशा समजुतीत वाकडा जातो. माझी खूण म्हणून वस्तादांनी समोरच्या काठावर माझ्या मेहुण्याला पिवळा शर्ट घालून उभा केला. मेहुणा मनाने सोन्यासारखा आहे, पण एका जागी उभा राहणारा माणूस नव्हे. त्याला तिकडे कोणी ओळखीचा भेटला, दोघे बोलत बोलत चहाच्या गाड्याकडे निघाले आणि मी इमानाने खुणेमागे वळत राहिलो. बाहेर आल्यावर हातातल्या घड्याळाने माझ्या मार्गाचा जो नकाशा दाखवला तो बघून बायको म्हणाली, “अहो, ही तर जिलबी.”

पुढच्या रविवारी मेहुणा स्वतःच पाण्यात उतरला, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून. “दाजी, माझ्या मागनं या,” म्हणत हाताने वल्हवत तो पुढे, मी मागे. काठावर वस्ताद शिट्टी फुंकतायत. त्यांच्या शेजारी आई एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात हुलग्याच्या माडग्याचा डबा घेऊन रामरक्षा म्हणतेय. बायको पाण्यावर नजर लावून उभी. (ती माझा वेळ लावत होती.) इतक्यात म्हशी धुवायला आलेल्या एका म्हाताऱ्याने हे सगळं चित्र नीट बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात आईला विचारलं, “कवा बुडाला?”

सायकल त्यामानाने एकांतात होईल असं वाटलं होतं. पहाटे निघायचं, वाघबीळ चढून पन्हाळा गाठायचा, उन्हं वर यायच्या आत परत. फाल्गुनात या बाजूला उसाचा हंगाम संपत आलेला असतो आणि उरलासुरला ऊस कारखान्याकडे पळत असतो. पुढे ट्रॅक्टर, मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर आलेली उसाची टोकं आणि ड्रायव्हरच्या डोक्यापाशी कर्कश्श गाणं. याच्या मागे अडकलेल्या सायकलवाल्याला पुढचं काही दिसत नाही आणि मागचं काही ऐकू येत नाही. मागचं ऐकू येऊ नये असं मला फार वाटे. कारण मागे मोटारसायकलवर मेहुणा असे. त्याच्या हँडलला केळ्यांचा अर्धा घड, डिकीत पंप आणि दोन ट्यूब, गळ्यात त्याच्या मंडळाचा कर्णा. सपाटीवर तो कर्ण्यातून “हाणा दाजी, हाणा!” एवढंच म्हणे. घाट लागला की मात्र त्याची पंचाईत होई. वाघबिळाच्या वर एका वळणावर त्याची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्याने कर्णा तोंडाला लावून सगळ्या खोऱ्याला ऐकवलं, “दाजी, जरा जोरात चालवा की! पहिल्या गियरमधी गाडी एवढी सावकाश चालत न्हाई!”

एकदा मी त्याला पेट्रोलचे पैसे देऊ केले. तो दुखावला. म्हणाला, “दाजी, खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं. मी नुसता रविवार टाकतोय.” यावर कोल्हापुरात कोणाला काही बोलता येत नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हापासून आमच्याकडे खेळाडूच्या मागे उभं राहणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि खेळाडू काय दर्जाचा हे कोणी बघत बसत नाही. मेहुण्याने माझ्या परतीच्या मिरवणुकीसाठी डॉल्बीचा दर काढून ठेवला होता. तेव्हा मला अजून सलग चार लांब्या नीट पोहता येत नव्हत्या.

खाण्याचा विषय बायकोने हातात घेतला. इतक्या लांब पल्ल्यात शरीराला तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, ती सायकलवरच पोटात घालायची सवय करावी लागते. त्यासाठी छोट्या पुड्यांतून जेल मिळतं. तिने त्याची एक पुडी चाखली, किंमत वाचली, आणि गूळ काढला. गुळात मुख्यतः साखरच असते, म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, आणि महाग जेलमध्येही ही दोनच दुसऱ्या नावाने नांदत असतात. तेव्हा शास्त्र तिच्या बाजूचं. फक्त शास्त्रात चैत्रातलं ऊन धरलेलं नसतं. जर्सीच्या पाठीमागच्या खिशात गूळ पाघळून खाली उतरला, आणि पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी मी जरा टेकलो तेवढ्यात मुंग्यांना पत्ता लागला. परतीचा उतार मी त्या दिवशी सगळ्यात वेगात आलो.

सण कोणासाठी थांबत नाहीत. आम्ही धुळवडीपेक्षा रंगपंचमी जोरात खेळतो. त्या दिवशी मला रंकाळ्यावर पळताना गाठून लहान पोरांनी असा रंगवला की पुढचे काही दिवस तळ्यात मी कुठे आहे हे काठावरूनही कळे. पाडव्याला श्रीखंड, नंतर जोतिबाची चैत्री यात्रा. सासनकाठ्या नाचवत निघालेल्या गर्दीतून सायकल काढायची म्हणजे गुलाल नाकातोंडात. आईच्या मते त्या दिवशीचा सराव सगळ्यात उपयोगाचा झाला, कारण देवाने बघितला.

सायकलवरून उतरून लगेच पळायच्या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. दोन-तीन तास गोल फिरलेल्या पायांना जमिनीवर सरळ पडायचं असतं हे आठवायला वेळ लागतो, मांड्या आपल्या राहत नाहीत, माणूस मधूनच वाकतो. हा सराव मी रंकाळ्यावर करी. सकाळी तिथे अर्धं कोल्हापूर फिरायला असतं आणि त्या अर्ध्यातले निम्मे आमचे पाहुणे. ओला ट्रायसूट, पाय फेंगडे, चेहरा लाल. आत्याने थांबवून बायकोला बाजूला घेतलं आणि विचारलं, “घरात सगळं ठीक आहे न्हवं?” हा ट्रायसूट म्हणजे बनियन आणि चड्डी एकत्र शिवलेला, अंगाला घट्ट चिकटणारा एकच कपडा, तिन्ही प्रकारांत तोच. आई तो बाहेरच्या दोरीवर वाळत घालू देत नाही.

इतकं सगळं चाललेलं असताना एका संध्याकाळी मी स्पर्धेचे नियम शांतपणे वाचायला बसलो, आणि ते वाक्य पुढे आलं: बाहेरची मदत घेण्यास मनाई. आयोजकांनी मांडलेल्या टेबलावरचं पाणी, केळी घ्यायची. घरच्या माणसाने बाटली दिली, पंक्चरला हात लावला, शेजारून पळत किंवा गाडीवरून सोबत केली, तर स्पर्धक बाद होऊ शकतो.

गंमत म्हणजे या खेळाची सुरुवात अगदी उलट होती. हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याने पहिली आयर्नमॅन भरवली ती 18 फेब्रुवारी 1978 ला. पोहणारा, सायकलवाला की पळणारा, यांत जास्त दमदार कोण, या वादातून. पंधरा जण उतरले, बारा पोचले. त्या वर्षी प्रत्येकाने खाण्यापिण्याची सोय करणारी आपापली माणसं बरोबर आणायची, असा नियमच होता. पुढे पळणाऱ्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला, डनबार दुसरा. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दाजी, आपण तवाच जायला पायजे हुतं.”

मग घरात बैठक बसली. वस्तादही आले. मी नियम वाचून दाखवला. आईने विचारलं, “मग आम्ही येऊन करायचं काय?” म्हटलं, टाळ्या वाजवायच्या. “एवढ्या लांब जाऊन?” वस्तादांचं म्हणणं पडलं की शिट्टी ही मदत नव्हे, शिट्टी म्हणजे आवाज. बायकोने कागद माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचला. तिच्या लक्षात आलं की मनाई स्पर्धेच्या दिवशी आहे, आदल्या रात्री किती खायला घालावं याला नाही. मेहुणा वकिलाच्या तयारीने बसला होता. रस्त्याकडेला केळी खाली पडलेली असली आणि ती स्पर्धकाने उचलली, तर ती कोणाची? केळ्याच्या गाड्यावाल्याच्या वेषात उभं राहिलं तर? माडगं समुद्राच्या काठावर नुसतं ठेवलं, आणि त्याचा वास आला, तर वास ही मदत होते का? मी सगळ्याला नाही म्हणालो. रात्री झोपताना बायको म्हणाली, “अहो, तो कर्ण्याला नवे सेल घालत होता.”

म्हणून गोव्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. स्पर्धेच्या दिवशी मिरामारच्या आसपास हँडलला केळ्यांचा घड बांधलेली एमएच झिरो नाईनची मोटारसायकल आणि तिच्यावर कर्णा घेतलेला माणूस दिसला, तर त्याला गोड बोलून एखाद्या खानावळीत न्या, शीत-कडीच्या ताटापुढे बसवा, आणि साडेआठ तास होईपर्यंत उठू देऊ नका. तळलेला बांगडा मागितला तर द्या. पैसे मी संध्याकाळी येऊन देईन.