नानांचा बोगदा

काही माणसांना घरात करमत नाही आणि घर सोडवतही नाही. आमच्या मजल्यावरचे नाना त्यातले. निवृत्त झाल्यापासून वर्षाला तीन-चार सहली. बॅगा काकू भरतात. नाना मात्र आधी महिनाभर एकाच तयारीत असतात: बाहेरून आपल्याच घरात शिरायचं कसं! चोरसुद्धा इतका अभ्यास करत नसेल.

"व्हीपीएन म्हणजे बोगदा हो," नाना सांगतात. "गणपतीपुळ्याला फोनमधून आत शिरायचं, ते थेट आमच्या टीव्हीमागे निघायचं. मधे कुणाला आतलं काही दिसणार नाही." टीव्हीमागे पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर बसवलाय. त्याचा दिवा रात्रंदिवस तेवत असतो आणि विझला तर नाना जेवत नाहीत, म्हणून काकू त्याला नंदादीप म्हणतात.

नाना पूर्वी ओपनव्हीपीएनवाले. 2020 साली वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं आणि नानांनी पंथ बदलला. नवी माळ घातलेल्या माणसाच्या उत्साहानं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगू लागले, "सगळा प्रोग्रॅम चार हजार ओळींच्या आसपास! आहात कुठे?" ऐकणारा दुसऱ्या मजल्यावर असायचा. तिथेच उतरायचा.

राउटरवर 51820 नंबरचं पोर्ट उघडलं. 44 अक्षरांची खासगी चावी तयार झाली. ती काकूंनाही दाखवायची नाही, असा नियम. काकूंनी तो तत्काळ मान्य केला.

तरी पहिल्या सहलीत बोगदा काही उघडेना. दोष निघाला पत्त्याचा. आयपीव्ही4चे पत्ते जगभरात मिळून सव्वाचार अब्जांच्या घरात. ते पुरेनात, म्हणून इंटरनेटवाला कित्येक घरांना बाहेरचा एकच पत्ता देतो. वाड्याला दिंडीदरवाजा एक, आत बिऱ्हाडं चाळीस. नानांकडे आलेला पाहुणा दारातूनच परत! नानांनी जादा पैसे मोजून स्वतंत्र पत्ता घेतला. पत्रिका छापायच्याच तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्या सहलीत बोगदा उघडला. नाना घरचा कॅमेरा बघायला गेले, तर समोर लॉजच्या प्रिंटरचं पान. घरचे पत्तेही 192.168.1 नं सुरू होणारे आणि लॉजचेही तेच. फोन बिचारा घरचा कॅमेरा लॉजमध्येच शोधत होता. "सगोत्र निघालं हो!" नाना फोनवर कळवळले. "जमणार कसं?" परत आल्या आल्या त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांचं गोत्र बदलून 10.73 केलं. दोन दिवस टीव्हीला वायफाय ओळख देईना आणि काकूंची मालिका बुडाली. त्यापुढे घरात जे झालं ते भिंतीपलीकडून नीट ऐकू आलं नाही, एवढंच सांगतो.

परवाच्या सहलीत मात्र सगळं जुळलं होतं. पण दुपारी लाइट गेले, आले, आणि नंदादीप उठलाच नाही. मला फोन.

"आमची किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

आहे ना. कालनिर्णयच्या खिळ्याला गेली वीस वर्षं लटकते आहे. गणपतीच्या कीचेनसकट, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मी दार उघडलं, टीव्हीमागे हात घातला, प्लग काढला, सांगितल्याप्रमाणे दहा आकडे मोजले आणि परत लावला. दोनेक मिनिटांत दिवा लुकलुकला आणि फोन वाजला.

"हँडशेक झाला! दिसताय तुम्ही!" नानांचा आवाज दाटून आला होता. मग एकदम बदलला. "अहो, चपला घालून आत आलात?"

मी चपला काढल्या. मागून काकू काहीतरी म्हणाल्या.

"ही म्हणतेय, आलाच आहात तर तुळशीला तांब्याभर पाणी घाला."

"का नाना, बोगद्यातून नाही येत?"

तिकडे काकूंचं हसू आधी ऐकू आलं. नानांचं बऱ्याच वेळानं. रेंज कमी असावी.