ग्रीक गुरुजी

धड वस्तूची कवडीइतकीही किंमत न करणारे आमच्या पेडगावात एकच गृहस्थ आहेत, ते म्हणजे ग्रीक गुरुजी. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनलाही आठवावं लागतं. नोकरीत असताना ते इतिहास शिकवत. निवृत्त झाले, पण इतिहासाची काही सुटका झाली नाही. वेड पांघरून जायचं ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं; आमचं हे परभणीचं. पण गुरुजींना पाहिलं की बाहेरचा माणूस म्हणीचा पत्ता आमच्याच गावावर टाकून मोकळा होतो.

पाऊस उघडला की गुरुजी खांद्याला शबनम अडकवून पांढरीवर वाकून फिरतात. एखादं खापर उचलायचं, धोतराच्या सोग्यानं पुसायचं, उन्हात धरायचं आणि ओरडायचं, "अथेन्स!" मागच्या घरातली म्हातारी सांगते, "ओ गुरुजी, ती आमची येळणी हाय. सुनेनं फोडली." गुरुजी मुळीच खट्टू होत नाहीत. खिशातून वही काढून विचारतात, "कोणत्या साली?"

संध्याकाळी पारावर त्यांचं पुराण लागतं. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातलं फ्रांस्वा नावाचं ग्रीक भांडं हा त्यातला मुख्य अध्याय. इसवी सनापूर्वी 570 च्या सुमाराचं. एर्गोतिमोसनं घडवलं, क्लेइतियासनं रंगवलं. अडीचशेच्या वर आकृत्या, शेजारी नावं लिहिलेली. रानडुकराच्या शिकारीतल्या कुत्र्यांनासुद्धा नावं. पण गुरुजींना खरी उकळी फुटते ती पुढे. 1900 साली संग्रहालयातल्याच एका पहारेकऱ्यानं रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं. "तुकडे किती? सहाशे अडतीस!" घरात मुलगी उजवल्याची बातमी सांगावी, तसा त्यांचा चेहरा फुलतो. तुकडे पुन्हा जोडले, हे ते जरा घाईनंच सांगतात.

बायाबापड्यांना आवडते ती हेराक्लिसची गोष्ट. तो भलंमोठं रानडुक्कर जिवंत खांद्यावर घालून आणतो आणि ते पाहून युरिस्थियस राजा रांजणात उडी मारतो. ग्रीक चिताऱ्यांचा हा फार लाडका प्रसंग. रांजणातून राजाचं डोकं आणि वर केलेले हात तेवढे दिसतात. "हेराक्लिस म्हंजी आपला भीमच की," असं कुणीतरी म्हणतं. राजाची ओळख पटायलाही वेळ लागत नाही. सोसायटीचा वसुलीवाला आला की कोण कुठल्या कणगीआड जातो, हे गावात सर्वांना पाठ आहे.

एकदा कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं, "गुरुजी, आपल्याकडं जोर्वे आहे की. संगमनेरजवळ. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी खोदलं. तांबडी भांडी, काळी नक्षी, तोट्या. तीन हजार वर्षांपूर्वीची." गुरुजी कळवळून म्हणाले, "अरे, पण नुसत्या रेघा! त्यात गोष्ट कुठंय?" ग्रीकांनीही आधी काही शतकं भांड्यांवर रेघा, चौकटी आणि वर्तुळंच काढली होती. पण हा अध्याय गुरुजी पारावर लावत नाहीत.

या छंदाची खरी झळ बसते ती आमच्या कुंभाराला. आवा पेटला की गुरुजी हजर. "हे बघ, ग्रीक भांड्यावरचं काळं आणि तांबडं, दोन्ही एकाच मातीचं. चित्राला तीच माती बारीक गाळून लावायची. आधी भट्टीत हवा घ्यायची, सगळं तांबडं. मग हवा कोंडायची, सगळं काळं. पुन्हा हवा सोडायची. चित्राची माती काचेसारखी झालेली असते, ती काळीच राहते. बाकीचं परत तांबडं."

"मंजे मधीच झाकायचं अन् परत उघडायचं?" कुंभार म्हणतो. "आमच्यात त्याला आवा बिघडला म्हंतेत."

मग निघते युथिमिदिसची गोष्ट. हा अथेन्सचा चितारी. त्यानं एका भांड्यावर चित्र काढलं आणि बाजूला लिहून ठेवलं, की असं प्रतिस्पर्धी युफ्रोनियसला कधीच जमलं नाही. ते भांडं आज म्युनिकला आहे. "तूही लिही माठावर," गुरुजी सुचवतात, "पलीकडच्या गावच्या कुंभाराचं नाव घालून."

"तो साडू हाय माझा. संक्रांतीला सुगडं कमी पडली तर त्याच्याकडूनच आणतो मी."

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी स्वतः माठ घ्यायला गेले. आधी त्याच युफ्रोनियसच्या एका भांड्याची कथा झाली : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 1972 मध्ये ते दहा लाख डॉलरना घेतलं, चोरून उकरल्याचं निघालं आणि शेवटी 2008 मध्ये इटलीला परत करावं लागलं. मग गुरुजींनी माठाला टिचकी मारली, कान लावला आणि दीडशेचे एकशेवीस कर म्हणाले.

कुंभारानं हात जोडले. "गुरुजी, त्या युफ्रोनियाला धा लाख डालर, अन् माझेच तीस रुपये कापता?"

"अरे, ते फुटलेलं होतं," गुरुजी म्हणाले. "तुझा अजून धड आहे."