चौथ्या सीटसाठी ग्रंथसूची

उद्योग, काम आणि समाज यांवर काय वाचावं याच्या याद्या जे लोक करतात, त्यांना बसायला जागा असते. यादी पाहिली की हे लगेच कळतं. ‘वर्षाला बावन्न पुस्तकं वाचा’ असं सांगणारा माणूस विठ्ठलवाडीला लोकलमध्ये कधी चढलेला नसतो. आमच्या साहेबांनी मध्यंतरी अशीच एक यादी सगळ्यांना पाठवली. साहेब गाडीने येतात, आणि ती चालवायला दुसरा माणूस असतो. यादीत पुस्तक, लेखक, पानं असे सगळे रकाने होते. फक्त ‘कुठे चढणाऱ्याने वाचावं’ हा रकाना नव्हता. आमच्या बाजूला खरं तर तोच पहिला हवा.

बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. बदलापूर लोकल इथूनच सुटते, म्हणून बदलापूरकराला निदान तत्त्वतः जागा मिळते आणि जाड पुस्तक वाचण्याचा अधिकार प्राप्त होतो. अंबरनाथहूनही काही गाड्या सुटतात; ती चुकली की मागून कर्जत येते आणि ती काय भरून येते ते सांगायला नको. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीहून काहीच सुटत नाही, सुटतो तो फक्त धीर. त्यामुळे तिथली हुशार मंडळी रिटर्न मारतात. म्हणजे उलट बदलापूरला यायचं, उतरायचं नाही, आणि त्याच गाडीने मुंबईला निघायचं. बदलापूरकर फलाटावर दप्तर छातीशी धरून उभा, गाडी थांबते, आणि खिडकीत आधीच एक उल्हासनगरकर डोळे मिटून बसलेला. तो झोपलेला नसतो. झोपलेल्याला उठवता येतं.

जागा कोणाची, या प्रश्नावर मराठीतलं सर्वोत्तम पुस्तक 1915 साली आलं आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गांवगाडा’. गावातलं वतन कसं चालतं, बलुतेदारांचं कोणाशी काय देणंघेणं, आणि बाहेरून येणाऱ्या फिरस्त्यांचा भार गावावर कसा पडतो, हे आत्र्यांनी बारकाईने लिहिलंय. आमचा डबा त्याहून वेगळा नाही. खिडकीची जागा हे वतन. ते वडिलांकडून मुलाकडे गेल्याचंही मी पाहिलं आहे. रुमाल टाकून जागा धरणारा एक, शुक्रवारी वडापाव आणणारा एक, भांडण झालं की आवाज चढवणारा एक. हे आमचे कारू-नारू, त्यांना बलुतं म्हणून बसायला मिळतं. आणि रिटर्नवाले म्हणजे फिरस्ते. आत्र्यांची सहानुभूती फिरस्त्यांकडे फारशी नव्हती, बदलापूरकरांचीही नाही.

‘गांवगाडा’ मिळवायला लांब जायला नको. बदलापुरातच श्याम जोशींनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय आहे, आणि दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी लोक तिथे वाट वाकडी करून येतात. जुनी प्रत मात्र गाडीत काढू नये. ती उघडायला दोन्ही कोपर लागतात, आणि ठाण्यानंतर कोपर आपले राहत नाहीत.

अंबरनाथकरासाठी माझी शिफारस जॉन केनेथ गॅलब्रेथचं ‘द ग्रेट क्रॅश 1929’. अमेरिकेतला शेअर बाजार कोसळल्याची हकिगत अंबरनाथला कशाला, असं कोणी विचारेल. त्याने रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ सांगून पाहावं. काड्यापेट्यांची विम्को कंपनी 1923 साली निघाली ती स्वीडिश मॅचची भारतीय शाखा म्हणून, आणि स्वीडिश मॅच म्हणजे इव्हार क्रूगर. हा गृहस्थ अडचणीतल्या सरकारांना कर्ज द्यायचा आणि बदल्यात त्या देशात काड्यापेट्यांची मक्तेदारी घ्यायचा. 1932 च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्याने गोळी झाडून घेतली. मग तिजोऱ्या उघडल्या, तर इटालियन सरकारचे म्हणून जपून ठेवलेले रोखे खोटे निघाले. इकडे अंबरनाथला विम्कोची शिफ्ट सुटली की लोक त्याच घराण्यातल्या काडीने विडी पेटवत होते, आणि त्यांची काडी तरी खरी होती.

गॅलब्रेथ सांगतो, की आपल्या यशाचं रहस्य क्रूगरने एका अमेरिकन पत्रकाराला दिलं होतं: मौन, आणखी मौन आणि त्याहून जास्त मौन. या भांडवलावर तो अंबरनाथ लोकलमध्ये एक दिवस टिकला नसता. तिथे पंखा बंद करायलाही चर्चा लागते.

उल्हासनगरकराचा प्रश्न अवघड. त्याच्याविषयीची पुस्तकं उत्तम आणि त्याला उघडायला जागा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीचं शहर झाल्याचं जाहीर करून उल्हासनगर नाव दिलं. बराकीत घर, बराकीच्या तोंडाशी दुकान. पत्ता आजही कॅम्प नंबरवरच चालतो. नंदिता भवनानी यांचं ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (2014) हे या विस्थापनावरचं पुस्तक वाचताना हसू येत नाही, ते घरीच वाचावं. क्लॉड मार्कोविट्स या फ्रेंच इतिहासकाराने सिंधी व्यापाऱ्यांवर लिहिलं आहे. शिकारपूर आणि हैदराबादचे हे लोक बुखारापासून पनामापर्यंत दुकानं थाटून बसले होते, आणि तेही विमानं नसताना. त्यांच्या नातवंडांना सकाळी 8 वाजता उल्हासनगरहून कल्याण गाठता येत नाही.

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या आमच्या कापडवाल्या शेठना मी विचारलं, की तुम्ही काय वाचता? माझ्या मनात होतं, की दिवसभर पाय पसरून गादीवर बसायला मिळणारा या पट्ट्यातला हा एकमेव माणूस. याने आतापर्यंत ग्रंथालय संपवलं असेल. शेठ म्हणाले, “बैठेंगे के पढेंगे?” साहेबांच्या यादीत पहिला नंबर ‘रिच डॅड पुअर डॅड’चा होता, ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मीटर खाली ठेवला. “बाप अमीर था, तो लडका किताब कायको बेच रहा है?” रॉबर्ट कियोसाकीची इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या पुरवणीत वाचलेली नाही.

चौथ्या सीटवाल्याला, म्हणजे ज्याचं एक अंग बाकावर आणि एक वाटेत असतं त्याला, सी. नॉर्थकोट पार्किन्सन द्यावा. पुस्तक बारीक आहे, एका हातात मावतं. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं, हा त्याचा नियम. तिघांचा बाक चौघांना पुरतो हे त्याला ठाऊक नव्हतं. समितीत विसाच्या आसपास माणसं झाली की ती निकामी होते, असंही त्याने गंमतीने गणित मांडलंय. दारात त्याहून जास्त माणसं असतात आणि ‘आगे चलो’ हा ठराव कल्याणला दोन सेकंदांत एकमताने पास होतो.

दारातल्यांसाठी पुस्तक नाही. हे मी साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, “मग ऐका ना! ऑडिओबुक कशासाठी असतात?” आणि त्यांनी पीटर ड्रकरचं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ सुचवलं. 1967 चं पुस्तक, पण माणूस अजून पटतो. आपला वेळ कुठे जातो ते आधी लिहून काढा, म्हणतो. आम्हाला लिहायची गरज नाही, तो दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये जातो. पंचाईत अशी, की माझ्या डब्यात भजनी मंडळ आहे. एका कानात ड्रकर, दुसऱ्या कानात टाळ, पखवाजाऐवजी डब्याचा पत्रा. महिनाभर मी दोघांनाही मनापासून ऐकलं. परवाच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “बोला, ड्रकरकडून एका वाक्यात काय घेतलंत?” माझ्या तोंडून आपोआप “पुंडलिक वरदे” निघालं, आणि मागच्या रांगेतल्या डोंबिवलीकरांनी उरलेलं पूर्ण केलं.