राउटरनाना

येरवड्याला राहतो म्हटलं की पेठेतला माणूस डोळे बारीक करून विचारतो, "आत की बाहेर?" मध्यवर्ती कारागृह इथे १८७१ पासून आहे आणि मनोरुग्णालयही इथलंच, तेव्हा यातलं नेमकं कोणतं 'आत' अभिप्रेत आहे, ते विचारणाऱ्याच्या मर्जीवर असतं. आम्ही बाहेरचे. जेल रोडच्या आजूबाजूला ज्या जुन्या चार मजली सोसायट्या आहेत, त्यांतले. अशा प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, त्याचं कुणी ऐकत नाही. एक सेक्रेटरी असतो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. आणि एक राउटरनाना असतो, त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. पहिले दोघे निवडणुकीने येतात. नाना नेट गेलं की येतात.

आमचे नाना मूळचे टेलिफोन खात्यातले. १ ऑक्टोबर २००० ला त्या खात्याची भारत संचार निगम झाली; पण नानांच्या तोंडी अजून 'आमचं खातं'च आहे. फोनसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत, त्या काळात नाना खांबावर चढत. फोन लागला की घरात पेढे वाटले जात आणि पहिला पेढा लाइनमनच्या हातावर पडे. पुढे २००५ साली खात्याचं ब्रॉडबँड आलं आणि नाना मोडेम काखेत मारून घरोघरी जाऊ लागले. पेढे बंद झाले, चहा सुरू राहिला. मग ३१ जानेवारी २०२० ला देशभरातल्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांबरोबर नानांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. फेब्रुवारी त्यांनी घरात बसून काढला. नानींच्या मते त्यांच्या संसारातला तो सर्वांत लांब महिना; त्यात वर्ष लीप, म्हणजे एक दिवस आणखी जास्त. पण २५ मार्चला टाळेबंदी लागली, घरोघरी एकेक ऑफिस आणि एकेक शाळा उघडली, सगळ्यांचं नेट एकाच वेळी रडायला लागलं, आणि नानांना पुन्हा चढायला खांब मिळाला. ते अजून उतरलेले नाहीत.

नानांचा सरंजाम दोन वस्तूंचा. एक पत्र्याची पेटी: तीत टेस्टर, पकड, इन्सुलेशन टेप, दोन-तीन जुने ॲडॉप्टर आणि राउटरच्या पोटातलं रिसेटचं बटण दाबायला नानींच्या शिवणाच्या डब्यातली सुई. एवढ्याशा पेटीकडे पाहून कुणी हसलं की नाना तुरुंगाच्या दिशेला हात करतात. "गांधीजींनी तिथे बसून पेटीत मावणारा चरखा तयार केला. यरवडा चक्र म्हणतात त्याला. पेटी लहान असते, काम लहान नसतं."

दुसरी वस्तू म्हणजे वही. हिच्यात सोसायटीतल्या प्रत्येक घराचा पासवर्ड आहे. नानांच्या अभ्यासाप्रमाणे पासवर्ड तीन तऱ्हेचे असतात: देवाचे, मुलांचे आणि रागाचे. निदान आठ अक्षरं लागतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिलेला राम एकटा पुरत नाही, त्याच्यामागे एक ते पाच आकडे उभे करावे लागतात. मुलांच्या नावात त्यांचं जन्मसाल असतं आणि दुसरं मूल झाल्यावर घरात पासवर्डावरून पहिलं भांडण होतं. रागाचे पासवर्ड शेजारी फुकट नेट वापरतो असं कळल्यावर ठेवले जातात. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाचा 'स्वतःचंघे१२३' आहे, असं म्हणतात. नाना म्हणत नाहीत. वहीतलं अक्षर नानींनाही दिसलेलं नाही.

नेट बंद पडलं की इमारतीतले लोक तुरुंगातल्या जॅमरला शिव्या देतात. नानांना हे अडाणीपण सहन होत नाही. "तुमचं नेट काचेच्या तारेतून येतं. जॅमर काय काच फोडणार आहे?" मग ते सरळ स्वयंपाकघरात शिरून मायक्रोवेव्हकडे संशयाने बघतात. हा ओव्हन आणि जुनं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात, त्यामुळे भाजी गरम होताना मिटिंग थंड पडते. सून मिटिंगमध्ये असताना सासूने पोहे गरम केले, यावरून पेटलेलं एक प्रकरण नानांनी ओव्हन दोन हात सरकवून मिटवलं आहे.

नानांचा खरा दिवस उजाडतो तो मात्र राउटर बदलल्यावर. गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा राउटर गेला. कंपनीचा पोरगा आला, नवा डबा भिंतीला ठोकला, मोबाइलवर स्पीड दाखवला, डब्याचा फोटो काढला, ओटीपी घेतला आणि "काकू, पाच स्टार द्या" म्हणाला. बाकीच्या वस्तूंचं काय, विचारलं तर जिना उतरता उतरता ओरडला, "होतंय ऑटोमॅटिक!"

काही झालं नाही. टीव्ही गप्प, प्रिंटर गप्प, आजीबाईंच्या टॅबवरचं कीर्तन अभंगाच्या मध्येच गोठलेलं, सकाळी पाचला आपोआप लागणारा गीझर थंड. दारावरचा कॅमेराही आंधळा झाला. तो न्यू जर्सीच्या मुलाने आईवडिलांवर लक्ष ठेवायला बसवला होता, त्यामुळे त्याचा फोन तिथल्या मध्यरात्री आला: "आई, घर दिसत नाहीये!" काकूंनी नानांना हाक मारली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले.

प्रथम दिव्यांची पाहणी झाली. पॉवर हिरवा, पॉन हिरवा, लॉसचा लाल दिवा बंद. "लाइन शाबूत आहे, वहिनी. बिघाड ओळखीचा आहे." मग चहा येईपर्यंत त्यांनी तो येरवड्याच्या भाषेत समजावला.

"राउटर म्हणजे जेलर. कैदी आला की त्याला नंबर द्यायचं काम याचं. १९२.१६८.१, त्याच्यापुढे काहीतरी. हा नंबर बदलू शकतो. पण प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक जन्मखूण मिळालेली असते, मॅक ॲड्रेस, ती बदलत नाही."

"फोन हल्ली खोटी जन्मखूण सांगतात, नाना," काकूंची अकरावीतली नात मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

नानांना ते ऐकू आलं नाही. "तर आता जेलर बदलला. याचं नाव वेगळं, परवलीचा शब्द वेगळा. कैदी मात्र जुन्याच्याच नावाने हाका मारतायत. हा दार कसं उघडणार?"

"पण नाना," काकू म्हणाल्या, "कैदी आत जायला एवढे का धडपडतायत?"

"तोच तर तुरुंगात आणि नेटमध्ये फरक आहे," नाना म्हणाले आणि चहा आला.

मग मोहीम सुरू झाली. नानांच्या पद्धतीत मानापमान असतो. पहिला मान टीव्हीचा. त्यांनी आधी टीव्हीला जुनं नेटवर्क विसरायला लावलं. "जुनं डोक्यातून गेल्याशिवाय नवं आत शिरत नाही," हे त्यांचं तत्त्व. नंतर रिमोटच्या बाणांनी नवा पासवर्ड. कंपनीने डब्याच्या पोटावर चिकटवलेला हा पासवर्ड देवाचा, मुलाचा किंवा रागाचा नव्हता, तो नुसता इंग्रजी अक्षरांचा सांडलेला डबा होता. काकू चष्मा लावून वाचत होत्या, नाना बाण दाबत होते. शून्य की ओ, यावर मतभेद झाला. मोठ्या लिपीतला आय आणि छोटा एल दिसायला सारखे असल्याने दोन्ही करून पाहावे लागले. टीव्ही लागला तेव्हा नाना घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर पहिल्या पेढ्याचं समाधान होतं.

प्रिंटर हा वर्षातून दोनदा वापरायचा प्राणी: एकदा पेन्शनच्या कागदांना, एकदा नातीच्या प्रोजेक्टला. त्यानेही जुनं विसरून नवं स्वीकारलं आणि आनंदाच्या भरात आपणहून तीन कोरी पानं बाहेर टाकली. टॅबने फारसं अडवलं नाही, कीर्तन पुढे सरकलं. गीझरच्या प्लगने मात्र दाद दिली नाही. हे प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि नवा राउटर फोनला आग्रहाने ५ वर बसवत होता. पाच वेगवान असतो, पण भिंत आली की दमतो. दोन पूर्णांक चार सावकाश, पण भिंतीपल्याड पोचतो. नानांनी हे इतकं आपुलकीने सांगितलं की ते स्वतःबद्दल बोलतायत की काय असं वाटलं. गीझर थंडच राहिला.

कॅमेऱ्याशी गाडी पुरती अडली. तो मुलाच्या खात्यावर होता. नव्याने जोडायचा तर ओटीपी हवा, ओटीपी न्यू जर्सीच्या फोनवर, आणि आपल्याकडे दुपारचा एक म्हणजे उन्हाळ्यात तिकडे पहाटेचे साडेतीन. रात्रभर जागून मुलाला नुकता डोळा लागलेला. काकू उठवायला तयार नाहीत, नाना उठायला तयार नाहीत. काकूंनी पोह्यांची कढई चढवली.

तेवढ्यात नातीने विचारलं, "नाना, नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर?"

हा प्रश्न नानांना कुणीतरी कधीतरी विचारणारच होतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मला खात्री आहे. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला, एक्स्चेंज बदललं तरी नंबर तोच ठेवला की गिऱ्हाइकाला काही कळत नाही, एवढं समजत नसेल असं नाही. पण त्या उपायाला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत चहाला उकळी फुटत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही यावर सल्ला होत नाही, न्यू जर्सीच्या सुनेबद्दल काही कळत नाही. पाच मिनिटांत जातो तो कंपनीचा पोरगा. नाना दुपार घेतात आणि माणसंही ती त्यांना देतात, कारण त्या दुपारी काकूंच्या घरी कुणीतरी काकूंचं बोलणं पूर्ण होईपर्यंत बसलेलं असतं.

"चालेल," नाना सावधपणे म्हणाले, "पण त्यात धोका आहे. जुना पासवर्ड ज्याला ज्याला ठाऊक होता, तो प्रत्येक जण परत आत येतो."

"येऊ दे, बघू कोण येतं," म्हणत नातीने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, स्टिकरवरचा पासवर्ड देऊन राउटरच्या आत शिरली आणि काकूंचा जुना पासवर्ड मागितला. काकूंना आठवेना. नाना वही न उघडता म्हणाले, "माउली ॲट १९८५. एम मोठा." नातीने नावही अक्षर न् अक्षर पूर्वीचंच ठेवलं, सुरक्षेचा प्रकारही जुन्या वस्तूंना झेपेल तो, डब्ल्यूपीए टू, निवडला आणि सेव्ह दाबलं.

राउटर क्षणभर मेला आणि जागा झाला. गीझरच्या प्लगवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. कॅमेऱ्याने डोळा उघडला. ओटीपी नाही, न्यू जर्सी नाही. फोन जोडले गेले. ज्या ज्या यंत्राला नानांचा हात लागला नव्हता, ते आपोआप घरी परतलं. बाहेर राहिले ते टीव्ही, प्रिंटर आणि टॅब, कारण नानांनी त्यांना जुनं सगळं विसरायला लावलं होतं. कीर्तन पुन्हा गोठलं.

आणि त्या शांततेत नानांच्या खिशात टिंग झालं. मग टिंग, टिंग, टिंग. सकाळपासून अडकलेले सुप्रभात संदेश एका पाठोपाठ एक येऊ लागले. नातीने राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली: आईचा फोन, बाबांचा फोन, गीझर, कॅमेरा, वॉचमनचा फोन, इस्त्रीवाल्याच्या पोराचा फोन आणि 'नाना सॅमसंग'.

नाना डगमगले नाहीत. "ती चाचणीची लाइन आहे," ते म्हणाले. "खात्यात प्रत्येक एक्स्चेंजला असायची."

नात हसली नाही. हल्लीच्या पोरी कामात हसत नाहीत. "नाना, तुमच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून देते. घरातल्या वस्तू वेगळ्या राहतील, तुमचंही चालेल."

आता मात्र नाना खाली बसले. खांबावरून दोनदा पडलेला हा माणूस, पण एवढं लागलेलं मी पाहिलं नव्हतं. "गेस्ट?" ते काकूंकडे बघून म्हणाले. "वहिनी, मी या घरात पाहुणा?"

काकूंनी पोह्यांची बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि नातीला बजावलं, "वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला घाल त्या गेस्टमध्ये. नाना घरात राहतील."

नानांनी लिंबू पिळलं, पहिला घास घेतला आणि पेटीवरची वही पुढे ओढली. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण गेस्टचा पासवर्ड मी ठेवणार. आणि आण तो रिमोट, टीव्ही राहिलाय."