इंजिन उपसण्याच्या अवजारांची बांधाबांध

अमेरिकेतील स्वयंसेवा जंकयार्डात गाडीचे इंजिन विकत मिळते; ते गाडीतून काढून मात्र मिळत नाही. कंपनी भंगारातल्या गाड्या आणते, त्यांतले पेट्रोल, ऑइल आणि कूलंट काढून घेते, जुन्या रिम एकमेकींना वेल्ड करून केलेल्या घोड्यांवर गाड्या ओळीने चढवते आणि पुढचे सारे गिऱ्हाइकावर सोपवते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिन बघायला गेलेल्या माणसाला स्टूल आणि चहा मिळतो, इंजिन पोऱ्या ओढत आणतो. जंकयार्डात पोऱ्या, मेकॅनिक आणि गिऱ्हाईक ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. भाव फलकावर लिहिलेला असल्यामुळे घासाघिशीलाही वाव नसतो. कौशल्य दाखवायला उरते ती फक्त अवजारांची पेटी.

पेटीविषयी जाणकारांत दोन संप्रदाय आहेत. पहिला ‘असू द्या’ संप्रदाय. हे लोक घरातली सगळी हत्यारे नेतात. आवारातली जमीन खडीची, पाऊस झाला की चिखलाची, आणि हवी ती गाडी हमखास शेवटच्या ओळीत. तिथवर पोचेपर्यंत त्यांचे निम्मे बळ खर्ची पडते. दुसरा ‘तिथे बघू’ संप्रदाय. हे एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन जातात, आणि शेजारच्या गाडीखाली झोपलेल्या अनोळखी माणसाशी फार लवकर स्नेह जोडतात.

दोघांनाही न पटणारी, पण बिनचूक रीत अशी : घरी जे इंजिन मेले आहे ते आधी उतरवावे आणि उतरवताना वापरलेले प्रत्येक हत्यार एका बादलीत टाकत जावे. काम संपले की बादलीत जे असेल तेवढेच न्यावे. रंगाची रिकामी बादली पेटीपेक्षा हलकी असते, उलटी केली की बसायला होते. या रीतीत दोष एवढाच, की घरचे इंजिन उतरवताना जे हत्यार शेजाऱ्याकडून आणले, ते बादलीत पडण्याआधी परत गेलेले असते.

काय न्यायचे नाही हे आवाराने ठरवलेले असते. जॅक चालत नाही, कारण खडीवरचा जॅक घसरतो आणि गाडी खालच्या माणसावर येते. गॅस कटर चालत नाही, कारण पेट्रोल काढून घेतले म्हणजे पेट्रोलची वाफ गेली असे होत नाही. चप्पलही चालत नाही. फाटकावर पेटी उघडून बघतात. बॅटरीवर चालणारी पानायंत्रे मात्र बहुतेक ठिकाणी चालतात, आणि त्यांची बॅटरी शेवटच्या दोन बोल्टांवर संपते.

बादलीत सर्वांत वर ठेवायची हत्यारे इंजिन काढायची नव्हेत, ते काढू नये हे ठरवायची असतात. ऑइलचे झाकण उघडून आतून बघावे. दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे, आणि त्या इंजिनाला नमस्कार करून पुढच्या ओळीकडे वळावे. प्लगचा पाना असावा, म्हणजे प्लग काढून त्यांची टोके बघता येतील. क्रँकच्या पुलीवर लांब दांड्याची गोटी लावून इंजिन हाताने फिरवून बघावे. फिरलेच नाही तर निर्णय सोपा. मागून ठोकलेली गाडी या व्यवहारात शुभ मानतात, कारण ठोकर बसेपर्यंत इंजिन चालू होते याचा तो पुरावा असतो.

आता मापे. उदाहरणादाखल शेव्हरलेच्या पिकअपमधले ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन घेऊ. या कुळातले पहिले इंजिन १९५५ साली आले, ३५० घन इंचांचे १९६७ साली. पिकअपमधून ते पुढे १९९०च्या दशकापर्यंत येत राहिले, त्यामुळे आवारात ते सापडत नाही असे सहसा होत नाही. त्याचा जन्म इंचांतला. गिअरबॉक्सच्या घंटीला, म्हणजे बेलहाउसिंगला, ते सहा बोल्टांनी जोडलेले असते आणि त्या बोल्टांचे डोके नऊ सोळांश इंचाचे, आपल्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत साडेचार सूत. यावर १४ मिलिमीटरची गोटी बसत नाही आणि १५ची बसते, पण फिरवली की डोके गोल करून ठेवते. पुढे शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने हळूहळू मिलिमीटर स्वीकारले, तेही अर्धवट : ब्लॉकचे आटे इंचातच राहिले आणि त्यावर टांगलेल्या अल्टरनेटर-कंप्रेसरचे बोल्ट मिलिमीटरचे झाले. म्हणून या एका इंजिनासाठी सुताचा आणि मिलिमीटरचा असे दोन्ही संच न्यावे लागतात. होंडा काढणाऱ्याचे १०, १२, १४, १७ आणि १९ या गोट्यांवर बरेचसे भागते. त्याने शेव्हरलेवाल्याला सल्ला देऊ नये.

गोटी सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची पटकन बसते आणि गंजलेल्या बोल्टावर तितक्याच पटकन घसरते. घंटीचे वरचे बोल्ट फायरवॉलच्या पोटात असतात; तिथे हात जात नाही, नजरही जात नाही. दोन-तीन एक्स्टेंशन जोडून टोकाला लवचिक सांधा लावावा आणि गिअरबॉक्सवरून मागून पुढे जावे.

गंज हा भूगोलाचा विषय आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा तिथल्या गाडीच्या सायलेन्सरचे नट नट राहिलेले नसतात. तिकडे जाताना झिरपणारे तेल, हातोडी, छिन्नी, लोखंडी पाइप आणि सबुरी हे सामान वाढते. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला की जोर दुप्पट होतो. नट सुटतो किंवा तुटतो, दोन्हींनी काम पुढे सरकते. डब्ल्यूडी-४० नेणारे पुष्कळ. १९५३ साली सॅन डिएगोत ते तयार झाले ते पाणी हटवून गंज धरू नये म्हणून; गंज धरून तीस वर्षे झालेल्या बोल्टाकडून त्याने काय अपेक्षा ठेवावी! ॲरिझोनात उलट : बोल्ट मुकाट्याने निघतो, पण उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. तिथे हातमोजे आणि पाणी यांना हत्यारांचा दर्जा आहे.

सर्वांत जास्त विसरले जाते ते खालून करायचे काम. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाच्या फ्लेक्सप्लेटला बहुधा तीन बोल्टांनी धरलेला असतो. खालचे पत्र्याचे झाकण काढायचे, एक बोल्ट सोडवायचा, क्रँक फिरवून दुसरा समोर आणायचा, मग तिसरा. हे न करता वरून साखळी ओढणाऱ्याला इंजिन तसूभरही हलत नाही याचे फार नवल वाटते. यासाठी झोपायला पुठ्ठा, डोक्याला बांधायचा दिवा आणि चष्मा न्यावा. रिकाम्या केलेल्या पाइपांत पेलाभर कूलंट उरतेच, आणि ते वाट बघत असते. इंजिन निघाल्यावर गिअरबॉक्स खाली लोंबू नये म्हणून लाकडाचा ठोकळा हवा.

इंजिन सुमारे अडीचशे किलोचे. उचलायला आवाराची चाकांवरची लोखंडी कमान आणि चेन पुली मिळते, पण तिला अडकवायची साखळी आणि ती ब्लॉकला कसायचे जाड बोल्ट व वॉशर आपले आणलेले बरे. कमानीची चाके सिमेंटसाठी बनवलेली असतात आणि जमीन खडीची असते. म्हणून सोबत एक माणूस न्यावा. त्याला यांत्रिक ज्ञान नसले तरी चालते, वजन असावे.

किरकोळ सामानात वायर कापायची कात्री, पडलेला नट उचलायचे चुंबक, प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यांवर लिहायचा मार्कर. बोल्ट पिशवीत टाकून नाव लिहिले नाही, तर घरी गेल्यावर सगळे बोल्ट सारखे दिसतात आणि एक उरतो. पिकअपच्या हौद्यात एक जुना टायर आधीच टाकून ठेवावा. त्यात बसवून पट्ट्याने आवळलेले इंजिन वळणावर कलंडत नाही.

बाहेर पडताना पेटी पुन्हा तपासली जाते. बिलात इंजिनाच्या भावावर अनामत लावलेली असते. घरचे मेलेले इंजिन मुदतीत आणून दिले की ती परत मिळते, मात्र पावती दाखवावी लागते. पावती ऑइलच्या हातांनी घेतली जात असल्यामुळे, मार्करने नाव लिहिलेली एक स्वच्छ पिशवी तिच्यासाठी वेगळी ठेवावी.