मोडी वाचणारा भाचा

पाडव्याला संकल्प करायचा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत तो अक्षय ठेवायचा, एवढी शिस्त मी आजवर पाळत आलो आहे. आमच्या घरात तिचे पुरावे जागोजागी आहेत. हार्मोनियमवर इस्त्रीचे कपडे असतात. जलरंगांच्या ट्यूबा दगड झाल्या आहेत. कादंबरीचं पहिलं प्रकरण वेगवेगळ्या वह्यांमध्ये आहे आणि प्रत्येक वहीत नायक पहिल्याच पानावर एसटीची वाट बघत उभा आहे. त्याची एसटी अजून डेपोतून निघालेली नाही.

त्यामुळे 'यंदा मोडी लिपी शिकणार' असं मी जाहीर केलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "अहो, पण सामान कुठे ठेवणार?"

प्रश्न रास्त होता, पण माझ्या बाजूने साक्षात समर्थ होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर घोटून घोटून वळणदार करावं, असं समर्थ त्यात सांगतात आणि शिवाय देशोदेशीचे बोरू, शाई, हिंगूळ यांचा संग्रह ठेवा म्हणतात. मी संग्रहापासून सुरुवात केली. समर्थ तिथे बाळबोध अक्षराबद्दल बोलताहेत, मोडीबद्दल नव्हे, हे मुलीने दाखवून दिलं. पण तोवर बोरू, दौत, हातकागद आणि उतरतं मेज घरात आलं होतं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही, असाही इशारा त्या समासात आहे. तो वाचून मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तयारीत कसर नको.

मोडी निवडण्यामागे विचार होता. एक तर तिच्यात वेलांटी एकच आणि उकार एकच. ज्याची शाळेतली शुद्धलेखनाची वही लाल शाईने तुडुंब भरलेली असायची, त्याला ही लिपी माहेरासारखी वाटणारच. दुसरं म्हणजे तिची पद्धत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. रेघ मी पहिल्याच दिवशी उत्तम ओढली. वर्गातल्या बाईंनी तिचं कौतुक केलं. त्या प्रोत्साहनाने मी घरी दस्ताभर कागदांवर नुसत्या रेघा ओढून ठेवल्या. अक्षरं काय, कधीही लटकवता आली असती.

तिसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळांमधून मोडी १९५०च्या सुमारास गेली. म्हणजे माझी परीक्षा घेऊ शकणारी मंडळी आता पंच्याऐंशीच्या पुढची. इतका सुरक्षित संकल्प मी आयुष्यात केला नव्हता.

त्यात मोडीचे दिवसही पालटलेले. २०१४मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२३मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्यातला थोडा भाव, काही न वाचता, माझ्याकडेही आला. लग्नाच्या पंगतीत "हे मोडी वाचतात हं" अशी ओळख होऊ लागली. श्रीखंड वाढणारा माझ्या पानापाशी जरा जास्त थांबू लागला. मला तेव्हा स्वतःचं नाव आणि गल्लीपर्यंतचा पत्ता लिहिता येत होता. पण मान मिळाला की विद्या आल्यासारखीच वाटते, मग वर्गाला कोण जातं?

अशा सुखात असताना थोरले मामा गावाहून आले. काखेत लाल रुमालात बांधलेलं दप्तर होतं.

"अरे, माळ्यावर सापडलं. आमच्या आजोबांना इनाम होतं म्हणतात. तूच काय ते बघ."

मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. मोडी त्यांच्या हातून थोडक्यात निसटली होती, हे माझं नशीब. मी भिंग घेतलं. वरचा 'श्री' खणखणीत वाचला. मामींनी हात जोडले. पुढे नुसतं वेटोळं होतं.

"हा आंग्लकाळातला हात आहे, मामा," मी गंभीरपणे म्हणालो. "फार घाईचा. अक्षर लागायला वेळ लागेल."

"वेळ घे. पण एखादं तरी वाच."

मी घामाघूम होत अक्षरावर अक्षर ठेवत गेलो. "ती… न… शे… र…"

"रुपये!" मामा ओरडले. "तीनशे रुपये! त्या काळचे!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना बातमी कळली होती. त्या काळी सोनं काय भावाने होतं, याचे हिशेब सुरू झाले. ज्यांनी मामांशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता, तेही तब्येतीची चौकशी करू लागले. मामांचा मला रोज फोन. "लागलं का अक्षर?"

मग मात्र मी शिकलो. निष्ठेने नव्हे, भीतीने. बाईंनी कागद वाचून द्यायला साफ नकार दिला. "तुम्हीच लावा," म्हणाल्या. शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलणाऱ्या 'र'शी मी रोज रात्री झुंजलो. उतरत्या मेजावरच डोकं टेकून झोपलो. हार्मोनियमच्या वाट्याला न आलेला रियाज मोडीला मिळाला, कारण हार्मोनियम ऐकायला मामा कधी आले नव्हते.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कुठला शब्द कुठे तोडायचा, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. एका रात्री तो 'र' रुपयांकडून सुटून मागच्या 'शे'ला जाऊन मिळाला. तीन शेर. त्यापुढे 'तूप'.

तीन शेर तूप उसने नेले, येत्या दिवाळीस देऊ, असा मजकूर होता. रुमालातला पुढचा कागदही तसाच. त्याच्या पुढचाही. दरसाल तोच हात, तेच तूप आणि तीच येती दिवाळी. माणूस वायद्याला पक्का होता. वायदा त्याने एकदाही मोडला नव्हता, फक्त नवा करून दिला होता. खाली सही, दस्तुर खुद्द.

सही मी भिंगाशिवाय वाचली. मोडीत मला बिनचूक येणारी ती एकमेव गोष्ट होती: आमचं आडनाव. पुढे या दोन घराण्यांत सोयरीक जमली, ती बहुधा तूप वसूल करायलाच.

कागद गहाळ झाला म्हणून सांगावं, असा एक विचार आला. पण इतक्या मेहनतीने वाचलेला मजकूर कुणाला तरी ऐकवल्याशिवाय राहवेना. मी गावी जाऊन मामांसमोर सगळं खडाखडा वाचलं. मामा बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या घराण्याकडे बघत राहिले. मग उठून माळ्यावरून आणखी दोन रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"तुपाचं व्याज नंतर बघू. हे वाचून कधी देतोस?"

"येत्या दिवाळीला देतो, मामा."

मामांनी कागद पुढे सरकवला. "लिहून दे."

मी रेघ ओढली आणि हात न उचलता लिहून दिलं. दस्तुर खुद्द.