मिनिमम भरलं, मुद्दल जागेवरच

क्रेडिट कार्डाच्या बिलावर वरच्याच चौकटीत दोन आकडे असतात. एक ‘टोटल अमाऊंट ड्यू’, दुसरा ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’. बिल एक लाखाचं असेल तर अनेक कार्डांवर दुसरा आकडा साधारण पाच हजारांचा. बिल भरायच्या ॲपमध्येही दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच रुबाबात. महिनाअखेरीला खात्यात बारा हजार उरलेल्या माणसाचं बोट कुठल्या आकड्यावर जाणार, हे बँकेला पक्कं ठाऊक असतं. पगारदार घरातलं सगळ्यात महागडं कर्ज नेमकं त्या बोटापासून सुरू होतं. ते घेताना कुठे सही नाही, जामीन नाही, कुणी समोर बसून दर सांगत नाही.

आधी हिशेब. बऱ्याच मोठ्या बँकांच्या कार्डावर व्याज महिना साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. पावणेचार टक्क्यांत तो मिळवा, महिन्याचा दर ४.४२ टक्क्यांवर जातो. आता लाखाच्या बिलातले ५,००० भरा. उरले ९५,०००. त्यावर महिन्याचं व्याज आणि कर मिळून ४,२०४ रुपये. पुढचं बिल येतं ९९,२०४ चं. पाच हजार गेले, कर्ज उतरलं ७९६ रुपयांनी.

असंच वर्षभर चालू द्या. कार्ड कपाटात ठेवा, एका रुपयाची नवी खरेदी करू नका, प्रत्येक मिनिमम तारखेच्या आत भरा. वर्ष संपेल तेव्हा खिशातून ५७ हजारांहून जास्त गेलेले असतील आणि बिलावर जवळपास ९१ हजार उभे असतील. लाखाचं कर्ज निम्म्यावर यायला सात वर्षं लागतील. बँकेला व्याजाची कमाई करून देतो तो हाच माणूस: कधी न बुडवणारा आणि कधी न फेडणारा.

आणि कार्ड कपाटात राहत नाहीच. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते. म्हणजे काल घेतलेल्या किराण्यावर कालपासून व्याज. बहुतेकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, व्याज फक्त जुन्या उरलेल्या रकमेवर आहे, या महिन्याचं दूध-भाजी-पेट्रोल तरी फुकटात आहे. तसं नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे ही उधारी आता मॉलमधून उठून कोपऱ्यावरच्या क्यूआर कोडपर्यंत आलेली आहे. देशात दहा कोटींहून जास्त कार्डं चालू आहेत.

ओळखीतल्या एका घरात मुलगा खासगी कंपनीत नोकरीला आणि आई वस्तीतल्या बचत गटाची खजिनदार. वही ठेवायची सवय असलेल्या त्या बाईच्या हाती मुलाचं बिल लागलं.

“अरे, गेल्या महिन्यात पाच हजार भरलेस ना? मग आकडा तोच कसा?”

“आई, मिनिमम भरलं होतं.”

“म्हणजे व्याजच भरलंस. मुद्दल कुठं फिटलं? आमच्या गटात शेकडा दोन. आणि एखादीनं मुदलातले पाचशे दिले तर वहीत पाचशे कमी होतात.”

“अगं, ही बँक आहे.”

“बँक आहे म्हणून शेकडा साडेचार घ्यायची परवानगी कुणी दिली?”

त्या माउलीचा प्रश्न एकदम रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते संताप आणणारं आहे.

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला २०१४ चा सावकारी नियमन कायदा लागू आहे. बिगरशेती कामासाठी तारण न घेता कर्ज दिलं तर त्याला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. लावलं तर गुन्हा. बँका या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे ज्या मर्यादेच्या वर सावकार गेला तर पोलीस येतात, तिच्या अडीच पट व्याज बँकेच्या बिलावर राजरोस छापून येतं.

आपल्याच भागाचा इतिहास आठवा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. ठिकठिकाणी कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या गेल्या. इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा, सुरुवातीपासून हिशेब मांडायचा अधिकार दिला. मुंबई इलाख्यातली कोर्टं दामदुपटीचा नियमही मानत: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या राजवटीत ऋणकोला एवढा आधार होता.

मग १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ आलं. व्याजाचा दर जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टानं पुन्हा उघडायचा नाही, असं हे कलम सांगतं. तरीही २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला: दर ठरवणं हा बँकांचा आणि रिझर्व्ह बँकेचा विषय, आयोगाचा नव्हे. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर असेल. पण मग जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर येते, आणि रिझर्व्ह बँक दराचा आकडा बांधून देत नाही. व्याज अवाजवी नसावं, एवढंच सांगते. अवाजवी म्हणजे किती, हे ती बोलत नाही.

रिझर्व्ह बँकेनं काहीच केलं नाही असं नाही. २०२२ च्या तिच्या नियमांनी बरंच दिलेलं आहे, आणि ते प्रत्येक कार्डधारकाला तोंडपाठ हवं. न मागता कार्ड देता येत नाही. सगळी रक्कम चुकती करून कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत ते बंद झालंच पाहिजे, नाही तर दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला. न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही. तारीख उलटून तीन दिवस होईपर्यंत सिबिलला थकबाकी कळवायची नाही. फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, हा इशारा बिलावर छापणंही सक्तीचं आहे.

तो इशारा शोधा बिलावर. बहुधा बारीक टायपात, इंग्रजीत, चार अटींच्या मध्ये सापडेल. ‘वर्षानुवर्षं’ म्हणजे किती वर्षं? ‘चक्रवाढ’ म्हणजे किती रुपये? लिहिलेलं नाही. बँकेच्या संगणकाला तुमचं येणं पैशापर्यंत माहीत असतं, मग हे गणितही त्याला येतंच. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानं बँकांना ते छापायला लावलं: तुम्ही फक्त मिनिमम भरलंत तर किती काळ लागेल, एकूण किती जातील, आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिना किती भरावे लागतील. हे प्रत्येकाच्या बिलावर, त्याच्या आकड्यांनिशी. आपल्याकडे का नाही? नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या उधारीवरचं बँकांचं जोखीम-भारांकन वाढवलं, म्हणजे या उधारीमागे बँकांनी जास्त भांडवल राखायचं, कारण विनातारण कर्ज फुगत चालल्याची तिला काळजी वाटली. बँकांच्या ताळेबंदाची जेवढी काळजी, तेवढी बिल भरणाऱ्याची करा. मराठी ग्राहकाच्या बिलावर मराठीत, मोठ्या अक्षरात, रुपयांत लिहा.

आता जे आज अडकलेले आहेत त्यांच्यासाठी. कार्ड वाईट नाही. दर महिन्याला टोटल भरणाऱ्याला ते दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी पैसे वापरू देतं. पण दोन महिने सलग मिनिमम भरलं असेल तर तुमच्या हातात कार्ड उरलेलं नाही, कर्ज आहे. कर्जासारखंच वागवा. खरेदी त्याच दिवशी थांबवा. एका कार्डाचं दुसऱ्यावर टाकू नका. कार्डानं एटीएममधून रोकड काढू नका, तिथं पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी.

मग स्वस्त कर्ज काढून हे महाग कर्ज मारा. लाखभर रुपये १६ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो साधारण ४,९०० रुपये. नीट बघा: मिनिममला जात होते तेवढेच पैसे, पण इथं चोविसाव्या हप्त्याला कर्ज संपतं. नोकरदारांच्या पतसंस्थेत विचारा, सोनेतारण विचारा, त्याच बँकेला थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून द्यायला सांगा आणि दर लेखी मागा. ‘सेटलमेंट’ हा शेवटचा मार्ग. बँक काही रक्कम सोडते खरी, पण सिबिलवर ते खातं ‘क्लोज्ड’ नव्हे तर ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढं घरकर्ज मागताना तेच आडवं येतं.

वसुलीवाल्यांना भिऊ नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा त्यांना अधिकार नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा मित्रांना गाठून बदनामी, हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या नियमात मना आहे. फोन रेकॉर्ड करा, बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यापायी कुणी जीव टांगणीला लावायचा नाही.

बँका दर कमी करतील, रिझर्व्ह बँक आकडा छापायला लावेल, याची वाट बघत बसू नका. कार्डाला ऑटो-डेबिट लावलेलं असेल तर ते आज उघडून बघा. ‘मिनिमम’ निवडलेलं असेल तर ‘टोटल’ करा. टोटल झेपत नसेल तर कर्जाचा खरा आकडा घरात सांगा. घरात पैशाची वही ठेवणारं कुणी ना कुणी असतंच. दर महिन्याला बिल त्या माणसाला दाखवा.